दर रविवारचा जांभळा डाग

जळगाव स्टँडवर मी धुळ्याच्या गाडीत चढले, तेव्हा एकुलत्या एका रिकाम्या जागेवर टीव्ही बसला होता.

बसला होता म्हणजे अगदी ऐटीत! खिडकीशी, अंगावर फुलाफुलांची चादर, पोटाला नाड्याची गाठ. मागे भलंमोठं कुबड असलेला जुना एकवीस इंची टीव्ही. शेजारी त्याचा मालक, मांडीवर एक स्पीकर घेऊन अवघडून बसलेला. मी ओढणीने वारा घेत उभी राहिले. एप्रिल लागला नव्हता, तरी पत्रा तापून गाडीची भट्टी झाली होती.

"बसा ना," मालक इकडे सरकत म्हणाला. "मावतो आपण तिघं. हा काही बोलत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी... गरजेपुरतं."

तद्दन खोटं होतं ते. कंडक्टरने चादर उचलून "हे कोण?" असं विचारलं, तर हा म्हणतो, "पंचवीस वर्षांचा आहे. टीव्हीच्या मानाने ज्येष्ठ नागरिक. सवलत बसेल का?" कंडक्टरने सामानाचं तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. मला महिला म्हणून अर्धं मिळालं.

"म्हणजे पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच," तो खिन्नपणे म्हणाला.

मला हसायचं नव्हतं. अनोळखी मुलासमोर गाडीत हसू नये एवढं मला कळतं. पण हसले.

एरंडोल यायच्या आत मला राहवेना. "तो स्पीकर टीव्हीपासून लांब धरा," मी म्हटलं. "आत चुंबक असतं. जवळ राहिलं की पडद्यावर डाग पडतात. जांभळे, हिरवे."

"तुम्हाला कसं माहीत?"

मी पिशवी उघडून दाखवली. कपॅसिटर, दोन आयसी, सोल्डरची तार. जळगावच्या एका दुकानातून हा जुना माल मी महिन्यातून एकदा नेते. "आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. धुळ्यात, पाचव्या गल्लीत. मी हिलाल मिस्त्रींची मुलगी, सुलक्षणा."

"मग मिस्त्री कोण? वडील की तुम्ही?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाईक येतं, मला ओलांडून आत बघतं आणि म्हणतं, मिस्त्री आहेत का? "आबांची नजर अधू झालीय," मी म्हटलं. "आठ वर्षं झाली, हात माझाच चालतो."

"मग मिस्त्रीणबाई!" तो म्हणाला, आणि स्पीकर उचलून त्याने पायाशी ठेवला. लगेच. वाद न घालता.

पारोळ्यापर्यंत मला सगळी कथा कळली. नाव अनुज. घर भुसावळचं, नोकरी धुळ्याला पाटबंधारे खात्यात. "इंजिनिअर, पण सिव्हिल. धरणाचं कळतं, टीव्हीचं नाही." त्याच्या नानांचं भुसावळला रेल्वे कॉलनीजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या कोपऱ्यात एके काळी व्हिडिओ गेमची लाकडी पेटी होती. उभा पडदा, लाल दांडा, दोन बटणं आणि शत्रूची विमानं पाडत वर वर जाणारं एक छोटं विमान. सगळी कॉलनी नानांचा आकडा मोडायला यायची आणि हरून जायची. मग पेटीचा पडदा जळाला. दुरुस्त करणारा कुणी भेटेना.

"मग तिच्यात आई कांदे ठेवू लागली," अनुज म्हणाला. "नाना रोज तिच्यासमोरून जायचे, पण बघायचे नाहीत. म्हणून मी ती धुळ्याला आणली. जुने खेळ चालवणारा तळहाताएवढा बोर्ड मिळतो, तो घेतला. आधी नव्या चपट्या टीव्हीवर लावून दाखवलं, तर नाना म्हणाले, विमान तेच आहे रे, आकाश ते नाही. म्हणून हा म्हातारा शोधला. मी त्यांना शब्द दिलाय, या आखाजीला तुमची पेटी चालू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना-सव्वा महिना होता. मी त्याला दुकानाचं कार्ड दिलं. कार्ड सगळ्यांनाच देते मी. फक्त त्या दिवशी ते नंबर वर येईल असं धरून दिलं, एवढंच.

*

चार दिवसांनी तो रिक्षातून टीव्ही घेऊन आला. आबांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस भाऊ. पानी पे."

मी मागचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. अनुज वाकून बघता बघता पिक्चर ट्यूबच्या लाल तारेकडे बोट नेऊ लागला.

"हात मागे!" मी त्याचं मनगटच धरलं.

"अहो, प्लग काढलाय ना?"

"काढला तरी ट्यूबमध्ये करंट राहतो."

"किती वेळ?"

"खूप वेळ..."

मनगट अजून माझ्याच हातात होतं. आबांनी खाकरून रेडिओचा आवाज वाढवला. मी हात सोडला आणि उगाचच ब्रश शोधू लागले, जो माझ्या दुसऱ्या हातात होता.

दोन दिवसांत टीव्ही खणखणीत झाला. झाकण लावण्याआधी मी आमच्या दुकानाच्या रीतीप्रमाणे आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: तारीख, दोष, कारण, खाली सही. आबा पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत, "फुढला मिस्त्रीले खरं समजाले पाह्यजे." तीस वर्षांत आबांनी कुणाला खोटा दोष सांगितला नाही की झाकणाआड खोटं कारण लिहिलं नाही. पाचव्या गल्लीत आमचं एवढंच भांडवल.

"दर वेळी लिहिता हे?" अनुजने विचारलं.

"दर वेळी."

"कुणी वाचतं?"

"खरं असलं की कुणी वाचलं नाही तरी चालतं," मी तोऱ्यात म्हटलं. हे वाक्य पुढे माझ्याच गळ्यात येणार होतं, ते तेव्हा कुठे माहीत होतं!

पहिला फोन आला तो खरा होता. पेटीत पडदा उभा हवा, म्हणून अनुजने टीव्ही कुशीवर निजवला आणि अर्धा पडदा हिरवागार झाला. असं होतं. ट्यूबची दिशा बदलली की तिला जमिनीचं चुंबकपण बाधतं. त्यावर उतारा म्हणजे आबांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल. परातीएवढी, काळ्या पट्टीत बांधलेली. आबा तिला कडं म्हणतात. रविवारी मी ते कडं खांद्याला अडकवून स्कूटीवर देवपुरात त्याच्या खोलीवर गेले.

खाली दारातच घरमालकीण कुंदाबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पायापासून कड्यापर्यंत न्याहाळलं आणि सूप घेऊन माझ्यामागे वर आल्या. खोलीच्या उंबऱ्यात फतकल मारून म्हणाल्या, "चालू द्या तुमचं."

कडं पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि फिरवतच सावकाश मागे यायचं. सहा पावलं. मग बंद करायचं. घाई केली तर डाग उलट वाढतो. मी एक एक पाऊल मागे येत होते, हिरवा रंग विरघळत होता... पाच... सहाव्या पावलाला पाठ कुणाला तरी लागली.

"सरका ना," मी पुटपुटले.

"मागे भिंत आहे हो," कानाशी आवाज आला.

पडदा स्वच्छ झाला होता. माझा चेहरा मात्र कुलरसमोर उभी राहिले तरी निवेना. मी झाकणाआड लिहिलं: दोष, डाग. कारण, टीव्ही आडवा केला. सही.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. "मिस्त्रीणबाई, डाग आलाय."

खालच्या कोपऱ्यात जांभळा डाग, बशीसारखा गोल. पडद्याला असा नेमका गोल डाग आपोआप येत नाही, तो आणावा लागतो. मी खोलीभर नजर फिरवली. बसमधला तो स्पीकर कपाटावर अगदी साळसूदपणे बसला होता, डागाएवढाच गोल.

मी अनुजकडे पाहिलं. अनुजने पंख्याकडे पाहिलं.

"कशाने झालं असेल हो?" त्याने विचारलं.

बोलायला हवं होतं. आबांची मुलगी होते ना मी! पण आमच्या गल्लीत मुलगी मुलाकडे नुसती चहाला जात नाही. टीव्ही बिघडला असेल तर मात्र दार सताड उघडं असतं. मी कडं फिरवलं, झाकण उघडून आतल्या तारा तपासल्यासारखं केलं आणि पेन्सिलीने लिहिलं: कारण, माहीत नाही. सही मात्र नेहमीसारखीच आली.

तिसऱ्या रविवारी डाग वरच्या कोपऱ्यात गेला. "फिरतीवर असतो वाटतं," मी म्हटलं. "सरकारी डाग दिसतोय," तो म्हणाला. कारण, माहीत नाही. चौथ्या रविवारी समोरच्या कोपऱ्यात. कारण, माहीत नाही.

कडं फिरवून झालं की आम्ही विमान खेळायचो. तो दर वेळी नानांच्या आकड्याच्या अलीकडे पडायचा, मी त्याच्याही अलीकडे. मग कुंदाबाईंचा आल्याचा चहा. एकदा त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "काय गं, तुमच्या टीव्हीला दर रविवारीच कसं दुखणं येतं?"

"रविवारी सुट्टी असते ना मावशी," अनुज म्हणाला.

"टीव्हीला?" त्या म्हणाल्या. "आणि हे सोल्डरिंग मोरपंखी ओढणीत करायचं असतं वाटतं."

मी चहा एकदम प्यायले आणि जीभ भाजून घेतली.

*

पाचव्या रविवारी तो म्हणाला, "टेम्पो ठरवला. आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला. पेटी भुसावळला जाईल."

"बरं झालं," मी म्हटलं.

"हो ना. बरंच झालं."

बरं कसलं झालं! पेटी गेली की डाग नाही, डाग नाही तर रविवार नाही. तो काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो नुसता बटणं पुसत राहिला. ज्या बटणांवर धुळीचा कणही नव्हता.

त्या दिवशी आवाजाची वायर जोडायला झाकण उघडलेलं होतं. सोल्डरिंग तापलेली होती. चित्र उंच पसरवणारी एक आयसी असते, तिच्या एका पायाशी मी हळूच टोक टेकवलं आणि सोल्डर सैल करून सोडलं. टीव्ही दोन-तीनदा तापला की हा सांधा सुटणार, पडद्यावर फक्त एक रेघ उरणार, तो मला बोलावणार आणि पाच मिनिटांत मी ते नीट करणार. एवढाच हिशेब होता माझा. झाकण लावताना मी काही लिहिलं नाही. लिहायला होतं काय! घरी येऊन आबांच्या ताटात वरण वाढताना त्यांच्याकडे बघवेना.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन नाही. ऑफिसच्या कामात त्याने टीव्ही लावलाच नव्हता. फोन आला तो थेट आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला.

"सुलक्षणा..." पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्याने, आणि तीही अशी घाबरून. "डाग तर आहेच, पण चित्रच गेलं. मधोमध एक पांढरी रेघ राहिलीय. चारला टेम्पो येतोय. नाना सकाळपासून तीनदा फोन करून विचारतायत, निघाली का पेटी..."

फोन स्पीकरवर होता. आबांनी चष्मा खिशात घातला. "डाग बी आनि रेघ बी? एकसोबत? थांब, मी बी येस."

मी कडं खांद्याला अडकवलं आणि आबांना स्कूटीवर मागे बसवलं.

उंबऱ्यात बसलेल्या कुंदाबाईंना ओलांडून आबा आत आले. खोली उन्हाने नुसती तापलेली. मी झाकण उघडलं. आबांना दिसतं कमी, पण बोटांना अजून सगळं कळतं. प्लग काढून, करंट उतरवून त्यांनी आयसीच्या पायांवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

"हाई सोल्डर कोनं करं?"

"मी, आबा."

"आठ वरीसमा तुना हातनं एक बी सोल्डर कच्चं निंघनं नही."

मी मान खाली घातली. त्यांनी झाकण उचलून अनुजच्या हाती दिलं. "भाऊ, माले दिसत नही. वाच बरं, मांगे काय लिखेल शे ते."

अनुज मोठ्याने वाचू लागला. "दोष, डाग. कारण, टीव्ही आडवा केला... दोष, डाग. कारण, माहीत नाही. दोष, डाग. कारण, माहीत नाही. दोष..." त्याचा आवाज हळू होत गेला आणि थांबला. त्याने वर पाहिलं.

"पण तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "चुंबकाचं तुम्हीच सांगितलं होतंत मला. एरंडोलच्या अलीकडे."

मी सोल्डरची तार उगाच बोटाला गुंडाळू लागले.

तो उठला, पलंगाखालून एक जाडजूड काळं चुंबक काढलं आणि आबांच्या पायाशी ठेवलं. "आबा, यांचा दोष नाही. डाग मी पाडायचो. दर रविवारी, त्या बारक्या स्पीकरने. आणि आज... आज शेवटचा दिवस म्हणून लग्नाच्या बँडवाल्याच्या मोठ्या स्पीकरचं चुंबक आणलं. सकाळभर लावून ठेवलं."

"आनि रेघ?" आबांनी विचारलं.

कुंदाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"रेघ माझी," मी म्हटलं. "मी मुद्दाम सैल केलं आबा. खोटा दोष काढला. तुमच्या दुकानाच्या नावाने." आणि मला रडूच आलं. तीस वर्षांचं आबांचं नाव, आणि मी एका रविवारासाठी...

"ताकाले जाईसन दोन्हीबी भांडं लपाडी ऱ्हायनात," आबा कुंदाबाईंना म्हणाले. मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. आवाज चढला नाही, मऊच राहिला. "पहिले काम कर. मंग खरं कारण लिख. मी बाहेर बसस."

कुंदाबाई सूप घेऊन त्यांच्यामागे गेल्या. दार मात्र सताड उघडं ठेवून.

सोल्डरचं काम पाच मिनिटांचं होतं. रेघ पसरली, आकाश उघडलं, छोटं विमान वर निघालं. मग मी कडं फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. बाकी सगळं जांभळं निघून गेलं, पण वरच्या कोपऱ्यात लिंबाएवढा डाग राहिला तो राहिलाच.

"जात नाही," मी म्हटलं. "चुंबक फार मोठं होतं. आतली जाळीच वाकलीय. हा आता कायमचा."

अनुज खाली बसला. "नानांसाठी केलं होतं सगळं... आणि मीच बिघडवलं."

"मीही."

"साधं विचारता आलं असतं मला. रविवारी येशील का, म्हणून."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, टीव्ही तर चांगला चाललाय."

आम्ही दोघं एकदमच हसलो. आणि लक्षात आलं की 'तुम्ही' बोलता बोलता मागे पडलं होतं. मी झाकण मांडीवर घेतलं आणि लिहिलं. लपवलं नाही, त्याच्यासमोर लिहिलं. दोष, रेघ. कारण, मिस्त्रीणीने मुद्दाम सोल्डर कच्चं ठेवलं, त्याने पुन्हा बोलवावं म्हणून. सही.

त्याने पेन्सिल माझ्या बोटांतून काढून घेतली. बराच वेळ लावला. अक्षर इंजिनिअरचं, एकेक नीट. दोष, डाग. कारण, ती रोज यावी असं वाटतं. सही.

"रोज?" मी विचारलं.

"रविवार धरून," तो म्हणाला. मग हसणं बाजूला ठेवून म्हणाला, "मला तू आवडतेस, सुलक्षणा. बसमध्ये पिशवीतून कपॅसिटर काढून दाखवलेस ना... तेव्हापासून."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चार वाजले होते.

"मलाही," मी म्हटलं आणि स्क्रू घट्ट आवळले.

*

आखाजीच्या दिवशी आमच्याकडे खापराची पुरणपोळी आणि आमरस. शेजारच्या कडुलिंबावर माहेरवाशिणी झोके घेत गाणी म्हणत होत्या. माझं लक्ष फोनकडे. डाग बघून नानांना काय वाटलं असेल? सव्वा महिना वाट पाहायला लावून डागी पेटी पाठवली आम्ही.

दुपारी अनुजचा निरोप आला. "नाना दोन तास उठले नाहीत. स्वतःचाच आकडा मोडला. डाग दाखवून माफी मागितली, तर म्हणाले, अरे हा तर ढग आहे, विमानाला ढग नको का?"

मी सुटकेचा श्वास सोडला. लगेच दुसरा निरोप आला.

"पण एक गोष्ट विसरलो मी. नाना सायकल मिस्त्री आहेत. कुठलंही यंत्र मागून उघडून बघितल्याशिवाय ते त्याला हात लावत नाहीत. मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात..."

खाली फोटो होता. झाकणाची आतली बाजू. माझ्या ओळी, त्याखाली अनुजच्या. आणि सगळ्यांत खाली जाड पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात तिसरीच ओळ.

"आबा," मी म्हटलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"वाच," आबा रसाची वाटी खाली ठेवत म्हणाले.

"कारण समजले. दुरुस्ती करू नये."

आबांनी रसाने माखलेली बोटं पुसली. मग म्हणाले, "खाले सही शे का?"

"आहे. नानांचीच, उखर्डू मिस्त्री. तारखेसकट."

"मंग पक्कं काम शे," आबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्यापुढे अजून एक पोळी वाढली.